ऊसतोडीला निघण्याआधी

सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या चिंचपाड्यात आरोग्यसेविका म्हणून मी पाडे फिरले. आमच्या कामाचं वेळापत्रक ऊस ठरवायचा. दिवाळी सरली की गरोदर बायाही गुजरातेत तोडीला जात. म्हणून त्याआधीच धनुर्वाताची सुई, लोहाच्या गोळ्या आणि सिकलसेलची तपासणी उरकायची. “बाई, कार्ड सोबत ने, दुसरी सुई तिथं घे,” हे मी प्रत्येकीला बजावायचे.

पूर्वी विळ्यानं नाळ कापली जाई. नवजात बाळं धनुर्वातानं दगावत. १९८५ साली देशात सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं. २०१५मध्ये माता व नवजात धनुर्वाताचं देशातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्या यशात तोडीला निघालेल्या या आयांचाही वाटा आहे. म्हणूनच स्थलांतराआधीची तपासणी आजही चुकता कामा नये.