समुद्राच्या तळाशी माळव्याची माती

वाचकहो, धारहून मांडूला निघालात की वाटेत नालछा लागते. पुढे मांडूच्या कड्यावरून जे पावसाचे पाणी निमाडात उतरते, ते नर्मदेला मिळते आणि नर्मदा खंभातच्या आखाताला. आपल्या काळ्या खडकाची झीज अशी अरबी समुद्राच्या तळावर जाऊन बसते. समुद्र इथून दूर खरा, पण त्याच्या तळाचा इतिहास काही अंशी आपलाच आहे. तो वाचायचा कसा?

पूर्वी खलाशी दोरीला शिशाचे वजन बांधून पाण्यात सोडत. वजनाच्या बुडाला चरबी फासलेली असे. तिला चिकटून वाळू येई किंवा चिखल, तेवढाच तळाचा पुरावा. 1826 मध्ये कोलादों आणि स्टुर्म यांनी जिनिव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून ध्वनीचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे 1,435 मीटर भरला, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. पुढे प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून खोली काढण्याची रीत रूढ झाली. 1933-34 च्या मोहिमेत ‘मबाहिस’ जहाजाने अरबी समुद्र असाच मोजला. 1966 मध्ये स्थापन झालेल्या, गोव्यातील दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ तळाचा अभ्यास याच मार्गाने पुढे नेला.

प्रतिध्वनी खोलीखेरीज आणखीही सांगतो. वाळूवरून तो जोरात परततो, मऊ चिखलावरून क्षीण. खालच्या पट्टीतला ध्वनी चिखलात शिरून आतले थरही दाखवतो. उथळ पाण्यात मात्र तो पृष्ठभाग आणि तळ यांच्यामध्ये पुन्हा पुन्हा आपटतो आणि नसलेले थर उमटतात. पश्चिम किनाऱ्याच्या चिखलात काही जागी मिथेन वायू साठला आहे. त्याचे बुडबुडे ध्वनी अडवतात आणि खालचे सारे पुसट होते.

म्हणून तळात नळी खुपसून गाळ वर काढावाच लागतो. 1898 पासून साधनांचे खंड छापणाऱ्या राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल कागदाला मान दिला. इथे प्रतिध्वनी ही बखर आणि नळीतला गाळ हा अस्सल कागद. दोन्ही ताडून पाहिल्यावर कळले, की किनाऱ्याजवळच्या चिखलात दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली चिकणमाती आहे. बाहेरच्या भागात शंखशिंपल्यांची जुनी वाळू आहे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी समुद्र आजच्याहून 120 मीटरांच्या आसपास खाली होता, त्यानंतरच्या काळाची ती खूण.

आता नर्मदेचा बराच गाळ धरणांत अडतो. सरदार सरोवराच्या पाण्याखाली आपल्या धार जिल्ह्यातली गावे गेली. जलाशयात किती गाळ भरला, हेही प्रतिध्वनीनेच मोजतात. धरणांपूर्वी नर्मदेने समुद्राला काय दिले, त्याचा हिशेब मात्र समुद्राच्या तळाशीच आहे. तो आपल्या मातीचा दप्तरखाना आहे, वाचकहो. गावाच्या इतिहासात त्याचेही एक पान असू द्या.