रंगपटातील वर्णविचार

आपल्या रंगभूमीच्या इतिहासात नाटककारांना, गायकनटांना आणि मंडळ्यांच्या चालकांना जो मान मिळाला, त्याचा शतांशही त्या माणसाच्या वाट्याला आला नाही, जो पडदा उघडण्यापूर्वी रंगपटात बसून, तळहातावर रंग कालवून, एकामागून एक चेहरे सिद्ध करीत असे. वरकरणी त्याची विद्या क्षुल्लक भासते. परंतु नटाच्या कातडीचा मूळ वर्ण कोणता, तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाची जात कोणती, आणि या दोहोंना सांधणारा लेप कोणत्या प्रमाणाने घोटावा, हे तीन प्रश्न त्याला प्रत्येक चेहऱ्यापाशी नव्याने सोडवावे लागत. त्यांतील पहिल्या प्रश्नाचा या धंद्याला पुनःपुन्हा विसर पडत गेला आणि तो पुनःपुन्हा आठवावा लागला, असे मला त्याचा इतिहास चाळताना दिसते.

विचाराचा आरंभ अर्थात भरतमुनींपासून. नाट्यशास्त्रातील आहार्याभिनयाच्या प्रकरणात श्वेत, नील, पीत आणि रक्त हे चार मूळ वर्ण सांगून त्यांच्या मिश्रणांचा जो तपशील दिला आहे, तो ज्याने स्वतःच्या बोटांनी रंग कालवले आहेत अशाच माणसाचा असला पाहिजे. श्वेत आणि पीत यांपासून पांडुवर्ण, श्वेत आणि रक्त यांपासून पद्मवर्ण, रक्त आणि पीत यांपासून गौरवर्ण, ही यादी कोणीही पंडित देऊ शकला असता. परंतु सर्व वर्णांत नील हा बलवान असल्यामुळे त्याचा एक भाग घेतला तर इतरांचे चार भाग घ्यावेत, ही सूचना खास कारखान्यातली आहे. खेदाची गोष्ट ही की, मिश्रणाच्या बाबतीत इतके सूक्ष्म असणारे हे शास्त्र ते मिश्रण कोणाच्या मुखावर चढवावे हे सांगताना नटाच्या कातडीकडे न पाहता पात्राच्या दर्जाकडे पाहते: राजे पद्मवर्णाचे, सुखी जन गौर, आणि पापकर्मी व व्याधिग्रस्त माणसे काळी. पुढे अनेक शतके आपल्या रंगपटावर ज्या गौरवर्णाची हुकमत चालली, तिची सनद इतकी जुनी आहे, हे मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही.

मराठी नाटकाची गोष्ट १८४३ सालापासून सांगण्याचा शिरस्ता आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसा खेळ रचण्याची आज्ञा केली आणि ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. भावे यांच्या नाटकांत देव, राक्षस आणि स्त्रीपार्टी यांची तोंडे एकमेकांपासून लांबूनही ओळखू यावीत इतकी निराळी रंगवावी लागत. आणि त्या काळच्या रंगपटाचा सरंजाम म्हणजे सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ आणि खोबरेल. यांतील सफेदा शिशाचा आणि हिंगूळ पाऱ्याचा. तेव्हा रात्रीमागून रात्री हे लेप धारण करणाऱ्या नटांनी कलेसाठी आपल्या कातडीचे किती मोल दिले असेल, याचा विचार मनात आला की त्यांच्याविषयीचा आदर दुणावतो. या भडकपणाला आजचे प्रेक्षक नाके मुरडतील, परंतु त्याला सबळ कारण होते. मशाली, पलिते आणि तेलाचे दिवे यांच्या पिवळ्या उजेडात पिवडीची छटा विरघळून जाते, निळा रंग काळवंडतो, आणि ज्योत हलली की चेहऱ्याचे चढउतारही हलतात. अशा प्रकाशात सौम्य रंग देणे म्हणजे रंग न देणेच होय. पुढे वायूच्या जाळीच्या बत्त्या आल्या, त्यांच्या पांढऱ्या उजेडात हिरवट झाक असल्यामुळे गालांवरची लाली मलूल दिसू लागली. आणि विजेचे दिवे आल्यावर तर कानामागे आणि मानेपाशी जेथे लेप संपे, ती सीमारेषा मागच्या रांगेतूनही वाचता येऊ लागली.

याच सुमारास युरोपात या धंद्याने एक मोठे वळण घेतले. बर्लिनमधील लुडविग लाइशनर या गायकाने १८७३ पासून चरबीत घोटलेल्या रंगाच्या तयार कांड्या विकण्यास प्रारंभ केला, आणि प्रत्येक छटेला क्रमांक मिळाला. इंग्लंडच्या रंगभूमीवर पाच क्रमांकाची हस्तिदंती आणि नऊ क्रमांकाची विटकरी यांचे मिश्रण हे नटाच्या तोंडाचे जवळजवळ मामूल ठरले. सोय निर्विवाद होती, विषापासूनही पुष्कळशी सुटका झाली. परंतु हे क्रमांक ज्या चेहऱ्यांवरून बेतले ते फिकट गुलाबी होते. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर असा फिका लेप दिला की ती उजळत नाही, राखेसारखी दिसते. कारण पांढऱ्या रंगाचे सूक्ष्म कण गडद पार्श्वभूमीवर निळसर प्रकाशच अधिक विखुरतात. तळहातावर कालवणारा जुना माणूस चिमूटभर पिवडी आणि लेशमात्र हिंगूळ टाकून हा दोष जागच्या जागी दूर करू शके. क्रमांकाच्या कांडीला ती मुभा नव्हती.

चित्रपटाने तर नवाच घोटाळा निर्माण केला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला, त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला आंधळी होती. तांबडे ओठ तिच्यावर काळे उमटत, आणि आपल्या कातडीत तांबूस-पिवळा अंश अधिक असल्याने ती प्रत्यक्षाहून काळी दिसे. त्यामुळे तोंडे फिकी रंगविण्याला त्या वेळी तांत्रिक निकड होती, केवळ गोरेपणाचा हव्यास नव्हता. सर्व रंगांना प्रतिसाद देणारी फिल्म आली आणि बोलपटांसाठी गुणगुणणाऱ्या आर्क दिव्यांऐवजी मुके टंगस्टन दिवे लागले, तेव्हा हॉलिवुडमधील मॅक्स फॅक्टर यांनी १९२८ साली नव्या फिल्मला आणि दिव्यांना अनुरूप अशी रंगमालिका सिद्ध केली. निकड गेली, फिका लेप मात्र राहिला. आपल्याकडे प्रभात कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे धाडस केले, त्याच्या प्रतींसाठी जर्मनी गाठली, परंतु पडद्यावर उमटलेल्या रंगांनी सर्वांचाच अपेक्षाभंग केला. रंगीत चित्रपटाचा पेच फॅक्टर यांच्या कारखान्यानेच ओल्या स्पंजाने लावावयाच्या ‘पॅनकेक’ने पुष्कळसा सोडविला, १९३८ पासून तो सामान्य स्त्रियांनाही विकत मिळू लागला, आणि रंगपटातील विद्या घरच्या आरशासमोर आली.

तेथेच पहिला प्रश्न पुन्हा उभा राहिला. नटीच्या दिमतीला रंगभूषाकार असतो. घरच्या स्त्रीला डबीवरच्या छटेवर विसंबावे लागते. १९५२ साली टाटांच्या तेल कंपनीच्या आश्रयाने मुंबईत ‘लॅक्मे’ सुरू झाली आणि देशी प्रसाधनांना प्रतिष्ठा आली, ही समाधानाची गोष्ट; तरीही केतकी, निमगोरी, गव्हाळ, सावळी आणि काळीसावळी या साऱ्याजणींना पुरतील इतक्या छटा एकाच दुकानात मिळण्यास पुष्कळ काळ जावा लागला. परदेशातही स्थिती फारशी निराळी नव्हती: रिहाना या गायिकेच्या प्रसाधनसंस्थेने २०१७ साली एकदम चाळीस छटा बाजारात आणल्या, तेव्हा गडद छटा प्रथम संपल्याच्या वार्ता आल्या, इतकी मागणी तोवर अनुत्तरित राहिली होती.

छटा अनेक झाल्या म्हणून निवड आपोआप साधते असे नाही. मनगटाच्या आतल्या बाजूची कातडी चेहऱ्याहून फिकी असते, म्हणून तेथे केलेली परीक्षा फसवी ठरते. रंग जबड्याच्या कडेला लावून, मानेशी ताडून, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पाहावा लागतो. शिवाय सारख्याच गव्हाळ दिसणाऱ्या दोघींपैकी एकीच्या कातडीतून पिवळी झाक येते, दुसरीच्या कातडीतून तांबूस किंवा किंचित हिरवट. लेप थोडा वेळ मुरू द्यावा, कारण कातडीच्या तेलात मिसळल्यावर पुष्कळ लेप मूळच्याहून गडद होतात. जो रंग मानेपासून वेगळा ओळखू येत नाही तोच घ्यावा, मग डबीवर त्याचे नाव काहीही असो.