प्लाझ्मा व श्राव्यातीत ध्वनी यांनी सांडपाण्याचे शुद्धीकरण

विद्युत विसर्जनाने तयार केलेला प्लाझ्मा (आयनद्रायू) आणि २० किलोहर्ट्झपेक्षा अधिक कंप्रतेच्या, माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी वापरून पाण्यातील प्रदूषकांचे रेणू तोडण्याच्या पद्धती. प्रगत ऑक्सिडीकरणाच्या गटात त्यांचा समावेश होतो. कापड उद्योगातील रंग, औषधांचे अवशेष, कीटकनाशके, फिनॉले यांसारखी जीवाणूंना सहज न पचणारी द्रव्ये हे त्यांचे मुख्य लक्ष्य. दोन्ही पद्धतींत बाहेरून रसायन फारसे घालावे लागत नाही. विजेच्या बळावर पाण्याच्याच रेणूंतून हायड्रॉक्सिल हा मुक्त मूलक जागेवर तयार होतो. त्याचे ऑक्सिडीकरण विभव सु. २·८ व्होल्ट असते, ओझोनचे सु. २·०७, तर क्लोरीनचे १·३६ व्होल्ट.

इतिहास : व्हेर्नर फोन झीमेन्स यांनी १८५७ मध्ये विद्युत विसर्जनाने ओझोन तयार करण्याचे उपकरण बनवले. फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून पिण्याच्या पाण्यासाठी ओझोन वापरात आला. या अर्थाने प्लाझ्माचा पाण्याशी असलेला संबंध जुना आहे. ‘प्लाझ्मा’ हे नाव मात्र अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये दिले. द्रवातील पोकळी मिटताना प्रचंड दाब निर्माण होतो, हे लॉर्ड रॅली यांनी १९१७ मध्ये गणिताने दाखवले. उच्च कंप्रतेच्या ध्वनीचे रासायनिक परिणाम रिचर्ड्‌स व लूमिस यांनी १९२७ मध्ये नोंदवले.

श्राव्यातीत ध्वनीचे कार्य : ध्वनिलहरीच्या विरल टप्प्यात द्रव ताणला जाऊन सूक्ष्म बुडबुडे होतात, ते काही आवर्तने वाढतात आणि दाबाच्या टप्प्यात एकाएकी मिटतात. या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात. मिटणाऱ्या बुडबुड्यात क्षणभर सु. ५,००० केल्व्हिन तापमान आणि शेकडो वातावरणांइतका दाब निर्माण होतो, तरी भोवतालचे पाणी जवळपास थंडच राहते. प्रदूषकाचे काय होणार हे त्याच्या जागेवर ठरते. ट्रायक्लोरोएथिलिनासारखी बाष्पनशील द्रव्ये बुडबुड्यात शिरतात आणि उष्णतेने तुटतात; पृष्ठभागावर जमणारी द्रव्ये बुडबुड्याच्या तप्त कडेवर विघटित होतात; पाण्यात पूर्ण विरघळलेल्या रंगांना बाहेर पडणाऱ्या मूलकांची वाट पाहावी लागते.

कंप्रतेनुसार काम बदलते. २० किलोहर्ट्झच्या आसपास बुडबुडे मोठे (अनुस्पंदी त्रिज्या सु. ०·१५ मिमी.) व त्यांचे यांत्रिक आघात तीव्र असतात. ही कंप्रता जैविक गाळातील पेशी फोडण्यास उपयुक्त असून त्यामुळे पुढील अवायुजीवी पचनात जैववायू अधिक मिळू शकतो. मूलकांचे उत्पादन साधारण २०० ते ६०० किलोहर्ट्झ या पट्ट्यात अधिक होते.

प्लाझ्माचे कार्य : यासाठी बहुधा अतप्त प्लाझ्मा वापरतात. त्यात इलेक्ट्रॉनांचे तापमान हजारो अंश असते. वायू मात्र खोलीच्या तापमानाजवळ राहतो. वेगवान इलेक्ट्रॉनांच्या आघाताने हायड्रॉक्सिल मूलक, आणवीय ऑक्सिजन, ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि जंबुपार किरण एकाच वेळी मिळतात. विसर्जन पाण्याच्या पृष्ठभागावर, पाण्यातील वायूच्या बुडबुड्यांत किंवा थेट पाण्यात घडवता येते. थेट पाण्यात ते घडवणे कठीण आहे; पाण्याच्या विद्युत भंगासाठी दर सेंमी.ला सु. १० लाख व्होल्ट लागतात, हवेला सु. ३० हजार पुरतात.

संयुक्त पद्धत : या अडचणीतूनच दोन्ही तंत्रे एकत्र आली. कॅव्हिटेशनने पाण्यात बुडबुडे निर्माण केले की विसर्जनाला वायूची वाट मिळते व कमी विद्युत दाबावर प्लाझ्मा पेटतो. शिवाय पाणी घुसळले जाऊन अल्पायुषी मूलक प्रदूषकापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते. ध्वनीऐवजी अरुंद छिद्रातून किंवा व्हेंच्युरीतून पाणी वेगाने सोडूनही बुडबुडे मिळतात. या जलगतिकीय कॅव्हिटेशनला पंप पुरतो, म्हणून मोठ्या प्रवाहासाठी ते अधिक सोयीचे ठरते. चेकियातील ब्रनो येथे अशा प्रवाहात प्लाझ्मा पेटवण्याचे तंत्र विकसित झाले आहे.

महाराष्ट्रातील कार्य : मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित व पराग गोगटे यांनी कॅव्हिटेशनवर दीर्घ संशोधन केले. पंडित व ज्येष्ठराज जोशी यांचा जलगतिकीय कॅव्हिटेशनवरील निबंध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या कॅव्हिटेशन साधनावर काम झाले.

मर्यादा : सर्वांत मोठी मर्यादा विजेची. एका घनमीटर पाण्यातील प्रदूषक ९० टक्क्यांनी घटवण्यास लागणारी वीज हे तुलनेचे रूढ माप आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात ओझोनसाठी ते १ युनिटपेक्षा कमी, प्लाझ्मासाठी १ ते १०० यांदरम्यान, तर श्राव्यातीत ध्वनीसाठी १०० युनिटांहून अधिक आढळले. नेहमीच्या सक्रियित गाळ पद्धतीला घनमीटरमागे साधारण अर्धा युनिट पुरतो. कार्बोनेटे व क्लोराइडे मूलक खाऊन टाकतात, त्यामुळे शुद्ध पाण्यात केलेल्या प्रयोगाचे यश खऱ्या सांडपाण्यात टिकेलच असे नाही. इलेक्ट्रोड व ध्वनी सोडणारे अग्र झिजतात. हवेत विसर्जन केल्यास पाण्यात नायट्रेट व नायट्राइट उतरतात. ब्रोमाइड असल्यास घातक ब्रोमेट बनू शकते.

पाण्याचा रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे समजणे धोक्याचे आहे. रंग देणारा एक बंध तुटला तरी उरलेले तुकडे, विशेषतः अ‍ॅझो रंगांपासून उरणारी अ‍ॅरोमॅटिक अमाइने, मूळ रंगापेक्षा विषारी असू शकतात. म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला आणि विषारीपणा किती उरला, या दोन्ही तपासण्या आवश्यक ठरतात.

उपयोगाचे क्षेत्र : शहराच्या संपूर्ण मैलापाण्यासाठी या पद्धती परवडणाऱ्या नाहीत, ते काम जीवाणू स्वस्तात व उत्तम करतात. थोडे, संहत आणि हट्टी प्रदूषण हे त्यांचे खरे क्षेत्र. औषध कारखान्याचे सांडपाणी जैविक टाकीत जाण्याआधी पचण्याजोगे करणे, किंवा जैविक प्रक्रियेनंतर उरलेले अंश तोडणे, या दोन टप्प्यांवर त्यांचा विचार होतो. अग्निशामक फेसातील फ्लोरीनयुक्त द्रव्ये हायड्रॉक्सिल मूलकांनाही दाद देत नाहीत. अमेरिकेतील क्लार्कसन विद्यापीठाच्या गटाने आर्‌गॉनचे बुडबुडे सोडून ही द्रव्ये पृष्ठभागावर आणली व तेथे प्लाझ्माने तोडली. ओहायोतील राइट-पॅटरसन हवाई तळावरील दूषित भूजलावर या पद्धतीची क्षेत्रीय चाचणीही झाली. लांब साखळीची द्रव्ये लवकर तुटली. आखूड साखळीची पृष्ठभागावर नीट जमत नसल्याने मागे राहिली. अशा हट्टी प्रदूषकांपुढे जीवाणू, क्लोरीन व ओझोन तोकडे पडतात. तेथे जास्त विजेचा खर्च समर्थनीय ठरतो.