दूरलेखन नव्हे, तार

मंडळी, आज आपण एका शब्दाचा माग काढू. युरोपात तो विद्वानांनी बेतला, आणि आपल्याकडे लोकांनी त्याला दारातच अडवलं.

क्लोद शाप या फ्रेंच माणसाने टेकड्यांवर मनोरे उभारून लाकडी हात हलवत निरोप पाठवण्याची युक्ती काढली. तिला त्याने नाव दिलं ‘टाकिग्राफ’, म्हणजे जलदलेखन. १७९३ मध्ये मिओ नावाच्या अधिकाऱ्याने सुचवलं, ‘टेलिग्राफ’ म्हणा, दूरलेखन. दोन्ही तुकडे ग्रीक. ध्यानात घ्या, तेव्हा तारेचा पत्ताच नव्हता! पुढे वीज आली, मनोरे गेले, पण नाव तेच राहिलं. इंग्रजी, जर्मन, इटालियन, रशियन सगळ्यांनी ते उचललं. १८५२ मध्ये अमेरिकेतल्या आल्बनीच्या एका वृत्तपत्रातून ‘टेलिग्राम’ पुढे आला. इंग्लंडातले ग्रीक पंडित चिडले, हे व्याकरणात बसत नाही म्हणाले. ऐकलं कोणी नाही. खुद्द ग्रीक लोक मात्र आजही ‘तिलेग्राफिमा’च म्हणतात.

आता आपल्याकडे या. डलहौसीच्या काळात, १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, त्यात आपला भंडाराही गेला. त्याच सुमारास हिंदुस्थानात तारखातं लोकांसाठी खुलं झालं. पुढे नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे निघाली, आणि वरठी, तुमसरच्या बाजूने रुळांच्या कडेकडेने खांब चालू लागले. लोकांनी वर पाहिलं. दिसलं काय? तार. एकतारीची तार, पाकाची तार, तीच ही. ग्रीक कोणाला विचारायचं होतं?

मराठी, हिंदी, गुजरातीत तार. तमिळ, कन्नडात ‘तंती’, म्हणजे पुन्हा तारच. यंत्र आणि निरोप, दोन्हींना एकच शब्द पुरला. आणि त्यात एक भीती येऊन बसली. ‘तार आली’ म्हटलं की कागद उघडायच्या आधी घरात रडू फुटायचं. इंग्रजी वाचणारा नंतर शोधायचा. आमच्या मते शब्द रुजल्याची याहून मोठी खूण नाही. ‘दूरध्वनी’ला हे कधी जमलं नाही, तो कार्यालयाच्या पाटीवर राहिला, घरात आला तो फोन.

गंमत पुढे आहे. तार नसलेलं यंत्र आलं, तर त्याला आपण नाव दिलं ‘बिनतारी’. जुलै २०१३ मध्ये सरकारने तारसेवा बंद केली. पोलिसांचा बिनतारी संदेश मात्र चालू राहिला.