संजा : माळव्याच्या भिंतीवरचे सोळा दिवस

भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत घरोघरी श्राद्धे चालू असतात, शुभकार्ये थांबलेली असतात. नेमक्या याच पंधरवड्यात माळव्यातल्या कुमारिका संजा मांडतात. घराच्या बाहेरच्या भिंतीवर शेणाने एक चौकोन सारवायचा, त्यावर ओल्या शेणाची आकृती बोटांनी उठवायची, मग ती गुलबक्षीच्या पाकळ्यांनी आणि चमकत्या पन्नीच्या तुकड्यांनी सजवायची. आकृती रोज नवी. सप्तमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल, नवमीला डोकरा-डोकरी. गावागणिक क्रम थोडा बदलतो. शेवटी येतो किलाकोट. त्या तटबंदीत चंद्र, सूर्य, गाडी आणि जाडी जसोदा, पतली पेमा अशी मजेदार पात्रेही दाटीवाटीने बसतात. अमावास्येला सगळे खरवडून नदी-तळ्यात सोडतात.

पण संजेचा जीव चित्रापेक्षा संध्याकाळच्या गलक्यात आहे. एका घरची आरती आणि गाणी झाली की सगळी टोळी पुढच्या घरी जाते. प्रसाद झाकून ठेवलेला असतो. तो काय आहे हे इतर मुलींनी ओळखायचे. याला ना पुरोहित लागतो, ना वर्गणी, ना आमंत्रण. शिवाय इथे प्रेक्षक नसतो, जो आला तो गाणारच. हा आनंद एवढा सहज का असतो, याचे उत्तर बहुधा इथेच आहे.

खिरापत ओळखण्याचा खेळ मराठी वाचकाला सांगायला नको. हस्त नक्षत्राच्या दिवसांत हत्तीभोवती फेर धरणारा पश्चिम महाराष्ट्राचा भोंडला किंवा हादगा, विदर्भातली भुलाबाई, खानदेशातली गुलाबाई या संजेच्या जवळच्याच बहिणी. सासर-माहेरची गाणी सगळीकडे आहेत. होळकरांच्या राज्यामुळे मराठी कुटुंबे माळव्यात स्थिरावली, 1818च्या मंदसौर तहानंतर इंदूर राजधानी झाले, आणि संजा व भोंडला एकाच शहरात नांदू लागले.

याच इंदूरच्या दक्षिणेला आग्रा-मुंबई रस्त्यावरचे भंवरकुआं आज शिकवणी वर्ग, वसतिगृहे आणि भाड्याच्या खोल्यांसाठी ओळखले जाते. शिक्षणाशी या भागाचे नाते जुने आहे: 1891मध्ये स्थापन झालेले होळकर महाविद्यालय इथलेच, आणि 1964मध्ये स्थापन झालेल्या इंदूर विद्यापीठाचा, आताच्या देवी अहिल्या विद्यापीठाचा, खंडवा रस्त्यावरचा परिसरही जवळच. माळवा-निमाडच्या खेड्यांतून मुली इथे स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी येतात. हे शिक्षण त्यांच्या आज्यांना मिळाले नव्हते आणि त्याचे मोल मोठेच आहे. मात्र भाड्याच्या खोलीची भिंत सारवता येत नाही, आणि संध्याकाळ वर्गात जाते.

शहरात शेण मिळेना, तशी बाजारात छापील कागदी संजा आली. भिंतीवर चिकटवली की झाले. किलाकोटासह सगळ्या आकृत्या पहिल्याच दिवशी हजर. सोय झाली खरी, पण रोज फुले गोळा करायला आणि आकृती घडवायला एकत्र जमण्याचे कारणच नाहीसे झाले. शाळा आणि सांस्कृतिक संस्था संजेच्या स्पर्धा भरवतात. त्यामुळे आकृत्या नव्या मुलींच्या हाताला ओळखीच्या राहतात, हे काम मोलाचे आहे. पण स्पर्धेत परीक्षक येतो, वेळ ठरते, क्रमांक लागतात आणि काही जणी नुसत्या पाहणाऱ्या उरतात. झाकलेला प्रसाद ओळखायला लागणारी टोळी मात्र अजूनही गल्लीतच जमते, जिथे दारे शेजारी-शेजारी आहेत आणि मुली एकमेकींच्या घरी न विचारता जातात.