इंजिन बदलले, रेडिएटरचे काय?

मोटारीचा इतिहास बहुधा इंजिनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणत्या साली किती अश्वशक्तीचे इंजिन आले, याच्या याद्या पुष्कळ मिळतात. इंजिनाच्या पुढे उभ्या असलेल्या रेडिएटरला मात्र त्या याद्यांत जागा नसते. खरे तर गाडीची शक्ती किती वाढवता येईल, हे अनेकदा रेडिएटरनेच ठरवले आहे. जुन्या गाडीत मोठे इंजिन बसवणाऱ्यांना हे फार लवकर कळते.

आधी थोडा हिशेब करू. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाके फिरवतो, दुसरा धुराबरोबर बाहेर जातो आणि तिसरा सिलिंडरच्या भिंतींतून भोवतालच्या पाण्यात उतरतो. हे वाटे नेमके सारखे नसतात. तरी अंदाजासाठी असे धरायला हरकत नाही, की इंजिन जेवढी शक्ती देते, साधारण तेवढ्याच दराने पाण्याला उष्णता बाहेर न्यावी लागते.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीची शक्ती होती पाऊण अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ०.५५ किलोवॅट. तिला रेडिएटर नव्हता. पाणी उकळे, वाफ होऊन उडून जाई आणि जाताना उष्णता घेऊन जाई. आपल्या माठाचेही तत्त्व हेच, फक्त तिथे पाणी न उकळता उडते. एक किलोग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होताना सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. त्यावरून तासाला जवळजवळ एक लिटर पाणी लागेल असे दिसते. ते इंजिन बरीच उष्णता वाया घालवणारे असल्याने प्रत्यक्षात आणखी लागत असणार. १८८८ मध्ये बर्था बेंझ मानहाइमहून फोर्त्सहाइमला ही गाडी घेऊन गेल्या, तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले होते.

आता ३५ अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे २६ किलोवॅटचे इंजिन घ्या. याच पद्धतीने ते तासाला ४१ लिटर पाणी पिऊन टाकील. मग पाण्याची टाकी वाहायलाच गाडी हवी!

३५ अश्वशक्तीची अशी गाडी डाइमलर कारखान्यात १९०० साली खरोखरच तयार झाली. एमिल येलिनेक या व्यापाऱ्याने तिची मागणी केली होती आणि त्याच्या मुलीवरून तिला 'मर्सिडीज' नाव मिळाले. तिचे अभियंता विल्हेल्म मायबाख यांनी पाणी उडवून देण्याऐवजी तेच पाणी फिरवत ठेवायचे ठरवले. त्यांच्या रेडिएटरमध्ये ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. समोरून पाहिले की मधाचे पोळेच. नळ्यांतून वारा जाई आणि नळ्यांमधल्या फटींतून पाणी उतरे. गाडी सावकाश चालली तरी वारा मिळावा म्हणून मागे पंखा होता.

या रचनेची किमया पृष्ठफळात आहे. एका नळीची परिमिती २.४ सेंटिमीटर. म्हणजे रेडिएटरची जाडी एक सेंटिमीटरने वाढली, की ८,०७० नळ्यांमुळे जवळजवळ दोन चौरस मीटर पृष्ठभाग वाढतो! गरम चहा आपण बशीत ओततो तेही पृष्ठभाग वाढवण्यासाठीच. आधीच्या गाडीत १८ लिटर पाणी लागे, इथे ९ लिटर पुरले. हे ९ लिटर नुसते टाकीत असते, तर २० अंशांपासून उकळायला दोन मिनिटेही लागली नसती. गणित विद्यार्थ्यांना करून पाहू द्या: ९ गुणिले ४.२ गुणिले ८०, भागिले २६.

आता जर्मनीतून अमेरिकेत येऊ, कारण इंजिन बदलण्याचा छंद तिथे फोफावला. फोर्डची 'मॉडेल ए' ही ४० अश्वशक्तीची गाडी १९२७ च्या अखेरीस आली. १९३२ मध्ये फोर्डनेच आठ सिलिंडरचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन काढले. कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी जुन्या, हलक्या मॉडेल ए मध्ये हे इंजिन बसवायला सुरुवात केली आणि म्युरॉकच्या कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर ते वेगाच्या शर्यती लावू लागले.

मात्र जुना रेडिएटर तसाच ठेवून भागत नसे. पहिली अडचण जोडणीची. मॉडेल एच्या रेडिएटरला वर एक आणि खाली एक नळी. व्ही-८ मध्ये सिलिंडरच्या दोन रांगा, दोन पाण्याचे पंप, म्हणून वर दोन आणि खाली दोन नळ्या. दुसरी अडचण उष्णतेची. शक्ती १.६ पट झाली, की उष्णताही साधारण तितकीच वाढली. म्हणून पुष्कळांनी १९३२ च्या गाडीचा रेडिएटर आणि त्याचे कवच जुन्या गाडीवर चढवले.

रेडिएटर वाढवायचा म्हणजे नेमके काय करायचे? जाडी वाढवणे सोपे वाटते. पण पुढच्या नळ्यांवरून आलेला वारा मागच्या नळ्यांपर्यंत पोचेतो तापलेला असतो, त्यामुळे प्रत्येक नव्या रांगेचा फायदा आधीच्या रांगेपेक्षा कमी. समोरचे क्षेत्रफळ वाढवणे अधिक चांगले, पण तिथे गाडीचे अरुंद तोंड आड येते. तिसरा मार्ग दाबाच्या झाकणाचा, म्हणजे प्रेशर कुकरचा. वातावरणापेक्षा एक वातावरण जास्त दाब ठेवला की पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. बाहेर ४० अंश असतील तर तापमानातला फरक ६० ऐवजी ८० अंशांपर्यंत नेता येतो आणि तोच रेडिएटर एकतृतीयांश जास्त उष्णता टाकू शकतो.

इतके करूनही व्ही-८ तापतच असे. त्याचे कारण इंजिनाच्या पोटातच होते. त्याचा तप्त धूर बाहेर पडण्याआधी सिलिंडरच्या ठोकळ्यातूनच जाई आणि धुराच्या वाट्याची काही उष्णताही पाण्याच्या माथी मारी. आरंभी पंप वरच्या बाजूला बसून गरम पाणी ओढत. १९३७ मध्ये फोर्डने ते ठोकळ्याच्या पुढे खाली आणले, म्हणजे ते थंड पाणी आत ढकलू लागले. त्याने सुधारणा झाली, पण धुराची वाट तीच राहिली. अमेरिकेतल्या फोर्ड गाड्यांत हे इंजिन १९५३ पर्यंत चालले.

उष्णता नाहीशी करणारे यंत्र अजून कोणी बनवलेले नाही. रेडिएटर ती फक्त हवेच्या स्वाधीन करतो, म्हणून नवे इंजिन आणणाऱ्याने तिची वाट आधी आखावी.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. सारखेच गरम पाणी एका पेल्यात आणि एका पसरट ताटात घ्या. दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. मग तोच प्रयोग ताटाला वारा घालून करा. किती उष्णता हवेच्या संपर्काने गेली आणि किती बाष्पीभवनाने, असा प्रश्न मुले विचारतीलच. पाण्यावर तेलाचा पातळ थर देऊन प्रयोग पुन्हा केला, की उत्तराच्या बरेच जवळ जाता येईल.