बारा वाजून पाच मिनिटं

२० जानेवारी २००९ रोजी दुपारचे बारा वाजले तेव्हा वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर यो-यो मा आणि इट्झाक पर्लमन यांचं वादन चालू होतं. (लोकांना ऐकू येत होतं ते दोन दिवस आधी केलेलं ध्वनिमुद्रण. एवढ्या थंडीत वाद्यं सुरात राहत नाहीत.) कार्यक्रम थोडा रेंगाळला होता. पण राज्यघटनेच्या विसाव्या दुरुस्तीत जुन्या अध्यक्षाची मुदत बाराच्या ठोक्याला संपते आणि नव्याची सुरू होते, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे शपथ व्हायच्या आधीच, संगीत ऐकत बसलेले बराक ओबामा अध्यक्ष झालेले होते. हे मला फार नंतर कळलं. त्या वेळी मी अकरा वर्षांचा होतो, वॉशिंग्टन मॉन्युमेंटच्या टेकाडावर उभा होतो आणि मला माझ्या पायांची बोटं जाणवत नव्हती.

हा समारंभ ऐन जानेवारीत का, असा प्रश्न त्या दिवशी अनेकांना पडला असेल. पूर्वी तो ४ मार्चला असे. नोव्हेंबरात निवडून आलेल्या माणसाला राजधानीत पोचायला वेळ लागायचा, त्या काळची ती सोय. पुढे रेल्वे आली, तार आली, तरी चार महिन्यांची पोकळी तशीच राहिली. १९३२-३३च्या हिवाळ्यात बँका धडाधड बुडत असताना जुना अध्यक्ष हतबल आणि नवा अधिकाराविना, असं चित्र होतं. त्याच हिवाळ्यात ही दुरुस्ती संमत झाली आणि १९३७पासून तारीख २० जानेवारी झाली. ४ मार्चलाही थंडी कमी नसायचीच म्हणा. १८४१ साली विल्यम हेन्री हॅरिसन जवळपास दोन तास बोलले आणि महिन्याभरात वारले. तो संबंध थंडीशी होता की नव्हता यावर वाद आहे, पण आईनं आम्हाला दोन-दोन स्वेटर घालायला लावले ते असल्याच भीतीनं.

आम्ही तेव्हा उत्तर व्हर्जिनियात राहायचो. बाबा एका कन्सल्टिंग कंपनीतर्फे एका बँकेचं काम करत होते, एच-१बी व्हिसावर. आजी सहा महिन्यांसाठी पुण्याहून आली होती. पोटोमॅकवरचे पूल खासगी गाड्यांना बंद होते, त्यामुळे मेट्रोला पर्याय नव्हता. मेट्रो पहाटे चारला सुरू होणार होती. आम्ही पाचला व्हिएन्ना स्टेशनवर होतो आणि पार्किंगची रांग हायवेपर्यंत आली होती. त्या दिवशी वॉशिंग्टनच्या मेट्रोनं ११ लाखांवर फेऱ्या नोंदवल्या. फॉगी बॉटमला उतरून आम्ही चालायला लागलो. चालायला म्हणजे, गर्दी नेईल तिकडे जायला. आजीनं आयुष्यात तीनदा पायी वारी केलेली. साडीवर बाबांचं जाकीट, कानाला मफलर अशा वेशात ती आमच्या सगळ्यांच्या पुढे होती. ‘रेटायचं नाही, नुसतं सरकत राहायचं,’ हा तिचा सल्ला वॉशिंग्टनमध्येही लागू पडला.

गर्दीचा सांगितला जाणारा आकडा १८ लाखांचा आहे. तिकिटं होती सुमारे २ लाख ४० हजार, ती सिनेटर आणि प्रतिनिधींच्या कार्यालयांतून वाटली गेली. आमच्याकडे नव्हतं, हे बरंच झालं. जांभळी तिकिटं असलेले हजारो लोक थर्ड स्ट्रीटच्या बोगद्यात तासन्‌तास अडकले आणि त्यांना शपथ दिसलीच नाही. आम्हाला निदान मोठा पडदा दिसत होता. शेजारी साउथ कॅरोलायनाहून रात्रभर बसनं आलेलं एक कृष्णवर्णीय कुटुंब होतं, त्यातही एक आजी. आमच्या आजीनं डब्यातला मेथीचा लाडू पुढे केला. त्या आजींनी एक घास घेतला, कडू चव लागल्यावर क्षणभर थांबल्या आणि सभ्यपणे उरलेला संपवला. मग स्वतःच्या खिशातल्या गरम पुड्या काढून आमच्या आजीच्या हातमोज्यांत सरकवल्या. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं.

शपथ घेतली गेली ती लिंकनच्या बायबलवर. १८६१नंतर ते बायबल प्रथमच या कामासाठी बाहेर आलं होतं. त्या दिवसाबद्दल भरपूर लिहिलं गेलं, पण मला ज्याचं अजून नवल वाटतं ती गोष्ट क्वचित सांगितली जाते. १८६१ला लिंकनना शपथ दिली सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी. चारच वर्षांपूर्वी ड्रेड स्कॉट खटल्यात, कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा निकाल लिहिणारे हेच टॅनी. आम्ही उभे होतो त्या मॉलच्या कडेलाच १८५०पर्यंत गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या कोठड्या होत्या. आणि नागरिक कोण हा प्रश्न टॅनींबरोबर संपलाही नाही. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात त्याच सर्वोच्च न्यायालयानं, भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही, असं ठरवलं. ते दार १९४६मध्ये उघडलं. भाषणात ओबामांनी ख्रिस्ती, मुस्लिम, ज्यू यांच्याबरोबर हिंदूंचं नाव घेतलं तेव्हा आईनं बाबांचा हात पकडला. मला वाटलं, थंडीमुळे.

शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स एका क्रियाविशेषणाची जागा चुकले, ओबामा थबकले. ‘काय झालं?’ आजीनं विचारलं. बाबांनी समजावल्यावर ती म्हणाली, ‘मंगलाष्टकात भटजी अडखळले म्हणून लग्न लागायचं राहतं का?’ घटनातज्ज्ञांचं मत साधारण हेच होतं. तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये शपथ पुन्हा घेतली गेली, खबरदारी म्हणून. आर्थर आणि कूलिज यांनीही पूर्वी दोनदा शपथ घेतली होती.

परेड आम्हाला दिसली नाही. स्टेशनपर्यंत परतायलाच तीन तास लागले. रात्रीच्या दहा अधिकृत नृत्यसमारंभांपैकी पहिला आम्ही घरी टीव्हीवर पाहिला, पाय गरम पाण्याच्या बादलीत घालून. बियॉन्से गात होती, नवरा-बायको नाचत होते. ‘बायको उंच आहे,’ आजी म्हणाली.

आम्हा मुलांना माहीत नव्हतं ते असं, की बँकेनं प्रकल्प गुंडाळत असल्याचं बाबांना नाताळाआधीच कळलं होतं. नोकरी गेल्यावर आज एच-१बीवाल्याला साठ दिवसांची मुदत मिळते, पण तो नियम २०१७चा. तेव्हा तसं काही नव्हतं. बाबांच्या कंपनीनं त्यांना मार्चअखेरपर्यंत ठेवून घेतलं आणि दुसऱ्या एका बँकेशी त्यांचं बोलणं जवळजवळ ठरत आलं. १७ फेब्रुवारीला, म्हणजे आम्ही टेकाडावर उभे होतो त्याच्या बरोबर अठ्ठावीस दिवसांनी, ओबामांनी अर्थव्यवस्था सावरण्यासाठीचा मोठा कायदा सही केला. त्यातलं एक कलम असं होतं, की सरकारी मदत घेतलेल्या बँकांनी नवा एच-१बी कर्मचारी घेण्याआधी अमेरिकी माणूस शोधल्याचं आणि कुणा अमेरिकी माणसाला काढलं नसल्याचं लिहून द्यायचं. बंदी नव्हती. पण तो कागद कोण भरत बसणार? बँकेनं फोन उचलणं बंद केलं. कलमाची मुदत दोन वर्षांची होती. आम्हाला दोन महिने पुरले नसते. एप्रिलमध्ये आम्ही पुण्यात होतो.

हे कलम मी गेल्या वर्षी मुळातून वाचलं, माझ्या स्वतःच्या व्हिसाचा अर्ज भरायचा की नाही हे ठरत नव्हतं तेव्हा. वाचताना राग येईल असं वाटलं होतं. लाखो लोकांच्या नोकऱ्या जात असताना निवडून आलेल्यांनी आपल्या मतदारांकडे पाहिलं, एवढंच त्यात दिसलं. बाबांना विचारलं, नोकरी जाणार हे माहीत असताना पहाटे पाचला सगळ्यांना तिकडे कशाला नेलंत? ते म्हणाले, ‘मग काय घरी बसायचं होतं?’

मेट्रोनं त्या दिवसासाठी ओबामांचं चित्र असलेली स्मारक-कार्डं काढली होती. बाबांचं कार्ड अजून कपाटात, पासपोर्टांच्या पिशवीत आहे. त्यात चार-पाच डॉलर शिल्लक असतील, असं ते म्हणतात.